पेट डोअरमधून वारा येतो, तो झडपेच्या फटीतून की चौकटीच्या?

कुत्र्या-मांजरासाठी दारात बसवलेल्या छोट्या दाराजवळ पाय गार पडू लागले, किंवा पाऊस झाला की आतल्या फरशीवर ओल दिसू लागली, की पहिला संशय झडपेवर जातो. झडपच डोळ्यांसमोर असते, तीच पिवळी पडलेली आणि वाकडी झालेली दिसते. मग नवी झडप येते, बसते, आणि वारा तसाच राहतो. तो झडपेतून येतच नव्हता.

अशा दाराला दोन वेगवेगळ्या फटी असतात आणि त्या एकमेकींपासून जेमतेम दोन-चार बोटांवर असतात. पहिली झडपेची फट, म्हणजे झुलणारी झडप आणि तिच्याभोवतीची चौकट यांच्यामधली जागा. दुसरी चौकटीची फट: दाराला भोक पाडून ही चौकट बसवलेली असते, तर ती चौकट आणि दाराचा पृष्ठभाग यांच्यामधला सांधा. पहिली फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण ती नसेल तर झडप झुलणारच नाही. दुसरी मात्र असायलाच नको. सीलंट सुटल्यावर, स्क्रू ढिले पडल्यावर किंवा लाकूड फुगून-आक्रसून ती तयार होते.

फरक इथेच संपत नाही. झडपेच्या फटीच्या दोन कडांपैकी एक सतत हलते, चौकटीच्या फटीच्या दोन्ही कडा स्थिर असतात. कुठे काय लावायचं हे यावरूनच ठरतं. हलत्या सांध्याला घासून सरकू देणारं काहीतरी हवं, म्हणजे ब्रशपट्टी किंवा चुंबक. स्थिर सांध्याला दाबून किंवा चिकटून भरणारं हवं, म्हणजे फोमपट्टी किंवा सीलंट. उपायांची अदलाबदल केली तर दोन्ही जागा बिघडतात.

म्हणून खरेदीआधी चाचणी करा. वारा असलेल्या दिवशी दाराच्या आतल्या बाजूने झडपेचं संपूर्ण तोंड जाड प्लास्टिकने झाका, पण चिकटपट्टी चौकटीच्या पुढच्या पट्टीवरच लावा, तिच्या पलीकडे दारावर नको. आता झडपेचा मार्ग बंद झाला. हाताची मागची बाजू ओली करून चौकटीच्या बाहेरच्या कडेने सावकाश फिरवा. गार झोत लागला तर दोष चौकटीच्या सांध्यात आहे. मग उलट करा: प्लास्टिक काढा, चौकट आणि दार यांच्यातला सांधा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि झडपेच्या कडेने हात फिरवा. दोन्हीकडे वारा लागला तर दोन्ही दुरुस्त्या करायच्या. रात्री एका बाजूने टॉर्च मारून दुसरीकडून उजेड बघण्याची युक्तीही चालते, पण माझा भरवसा हातावर जास्त आहे. उजेड सरळ जातो, वारा वळणावळणाने येतो. जाड दारातली वाकडी फट टॉर्चला सापडत नाही.

पाण्याच्या खुणाही बोलतात. ओल झडपेच्या बरोबर खाली, उंबऱ्याच्या मधोमध असेल तर पाणी झडपेखालून आलं असण्याची शक्यता जास्त. चौकटीच्या बाजूला दाराचा रंग फुगला असेल किंवा लाकूड दाबल्यावर मऊ लागत असेल, तर पाणी चौकटीमागून शिरतंय. हे दुसरं लक्षण दिसलं तर दुरुस्ती पुढे ढकलू नका. दार कापताना लाकडाची उघडी पडलेली कड पाणी भराभर शोषते आणि आतून कुजायला लागते.

आता झडपेकडे बघू. मऊ झडप बहुधा व्हिनाइलची असते. व्हिनाइलला लवचीक ठेवणारा घटक वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर निघून जातो, ऊन ते काम आणखी जलद करतं, आणि झडप कडक, आखूड, वाकडी होते. थंडीत तात्पुरता कडकपणा मात्र चांगल्या झडपेलाही येतो, त्यामुळे नुसत्या त्यावरून तिला बाद ठरवू नये. खोलीच्या तापमानालाही ती सपाट लटकत नसेल, खालचे कोपरे एका बाजूला वळलेले असतील किंवा बिजागरीच्या पट्टीपाशी चिरा दिसत असतील, तर ती बदलायची वेळ झाली.

त्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण झडप धडधाकट असूनही ती नीट मिटत नाही असं होऊ शकतं. एक, खालच्या चुंबकावर केस, धूळ आणि लोखंडाचा बारीक कीस साचतो. ओल्या फडक्याने पुसून बघा. दोन, दार किंवा चौकट ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, नसेल तर झडप मध्यावर थांबतच नाही. तीन, आतली आणि बाहेरची चौकट जोडणारे स्क्रू फार आवळले तर चौकट मधे वाकते आणि झडप तिला घासते. स्क्रू थोडे सैल करून बघणं हा फुकटचा उपाय आहे.

नवी झडप घेताना होणारी चूक जवळपास ठरलेली असते: माप चौकटीचं किंवा दारातल्या भोकाचं घेतलं जातं. माप झडपेचंच हवं. जुनी झडप काढून सपाट ठेवा. रुंदी, वरच्या पकडीच्या पट्टीसकट उंची, जाडी आणि स्क्रूच्या छिद्रांमधलं अंतर मोजा. जुनी झडप आक्रसलेली असू शकते, म्हणून चौकटीच्या आतल्या मोकळ्या जागेशी ताडून पाहा. कंपनीचं नाव आणि मॉडेल बहुधा चौकटीवर कोरलेलं असतं, तेही टिपून ठेवा.

त्याच मापाची झडप मिळालीच नाही तर पडद्याच्या पट्ट्यांसाठी येणारी पारदर्शक मऊ पीव्हीसी पट्टी कापून वापरता येते. २ मिमी जाडीची पट्टी लहान प्राण्याला सहज ढकलता येते. ३ मिमीची भारी पडते, पण वाऱ्याला जास्त दाद देत नाही. खालचे कोपरे गोल कापा. छिद्रं ड्रिलने न पाडता पंचने पाडा, कारण मऊ पीव्हीसी ड्रिलच्या टोकाला गुंडाळून ओढली जाते. खालची चुंबकपट्टी जुन्या झडपेवरून काढता येत असेल तर वाचवा. चौकटीतही चुंबक असेल तर बसवण्याआधी दोन्ही समोरासमोर धरून बघा. उलटं लागलं तर ते झडपेला दूर ढकलतील.

घडी किंवा गुंडाळी होऊन आलेली झडप कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून सपाट जागी वजनाखाली ठेवली की सरळ होते. बसवताना वरच्या पट्टीचे स्क्रू आधी सैलसर लावा, झडप दोन्ही बाजूंनी सारखी मधोमध आणा आणि मगच आवळा.

कडेच्या ब्रशपट्टीविषयी थोडं जास्त बोलायला हवं, कारण चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती इथेच फसते. कडक प्लास्टिकच्या झडपेला कडेने ही पट्टी खाचेत सरकवलेली असते. ती झिजली की ओढून काढून तेवढ्याच रुंदीची नवी घालता येते. तिच्या केसांची उंची मात्र नेमकी हवी. केस समोरच्या कडेला जेमतेम टेकले पाहिजेत. जास्त उंच घेतले तर झडप त्यांच्यात अडकून मध्याच्या अलीकडे थांबते, चुंबकाला चुंबक भिडत नाही आणि बंदोबस्त केल्यावर आधीपेक्षा मोठी फट उघडी राहते. शिवाय प्रत्येक वाढीव अडथळा प्राण्याला ढकलावा लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा हलक्या मांजराला ते झेपत नाही आणि ते दार वापरणंच सोडतात. थोडा वारा आला तरी चालेल, पण झडप प्राण्याला उघडता आलीच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. याच जागी फोमपट्टी चिकटवू नका. दोन्हीकडे झुलणारी झडप तिला घासत राहते आणि ती सोलून निघते.

चौकटीच्या फटीला फोम आणि सीलंट अगदी योग्य. चौकट दोन्ही बाजूंनी काढा, जुना फोम आणि सीलंट पूर्ण खरवडा, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून कोरडा करा. लाकडाची उघडी कड ओली असेल तर आधी सुकू द्या, मग तिला प्रायमर किंवा रंग लावा. दार आतून पोकळ असेल तर कापलेली पोकळी लाकडाच्या पट्टीने बंद करा, नाहीतर वारा बाहेरच्या भेगेतून शिरून दाराच्या पोटातून खोलीत येतो आणि कडेला कितीही सीलंट भरलं तरी थांबत नाही. चौकटीच्या मागे बंद पेशींचा, म्हणजे ज्याची बारीक छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात असा, फोम लावा. उघड्या पेशींचा फोम पाणी पितो.

बाहेरच्या बाजूला सिलिकॉनची रेघ वरून आणि दोन्ही बाजूंनी द्या, खालची कड मात्र मोकळी ठेवा. चुकून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. चारही बाजू बंद केल्या तर ते आत कोंडतं. सीलंटवर रंग लावायचा असेल तर ॲक्रिलिक घ्या, कारण सिलिकॉनवर रंग धरत नाही. सीलंट पुरतं सुकेपर्यंत, म्हणजे डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं, प्राण्याला त्या दारापासून दूर ठेवा. ओलं सीलंट केसांना चिकटतं आणि चाटलं जातं.

दोन्ही कामं करायची असतील तर आधी चौकट, नंतर झडप. चौकट हलली की झडपेचा मध्य बदलतो आणि सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. नवी झडप प्राण्याच्या सवयीची नसते, चुंबकही जोरात धरतात. म्हणून सुरुवातीला तिला दोरीने वर बांधून ठेवा, प्राणी निर्धास्त ये-जा करू लागला की थोडी थोडी खाली सोडा. सरकवता येणारा चुंबक असेल तर त्याची पकड सर्वात कमी ठेवून सुरुवात करा.