अभ्यासक्रम आणि आयईपी: स्वमग्न मुलांच्या शाळेतले दोन वेगळे कागद

नव्याने प्रवेश घेतलेल्या पालकांसमोर मुलाची फाइल उघडली की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, हाच का तुमचा सिलॅबस?" त्यांच्या हातात असतो मुलाचा आयईपी, म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. पालकांनी गल्लत केली तर नवल नाही. पण विशेष शाळेत वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या आम्हीही हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो, आणि त्यात नुकसान मुलाचं होतं.

अभ्यासक्रम शाळेचा असतो. सहाव्या वर्षी आलेलं मूल अठराव्या वर्षी बाहेर पडेल, तेव्हा त्याला काय काय करता यायला हवं, कशाची ओळख झालेली हवी, आणि साधारण कोणत्या क्रमाने, हे शाळेने सगळ्या मुलांसाठी मिळून ठरवलेलं असतं. आयईपी एकाच मुलाचा आणि तोही एका वर्षापुरता. त्या मोठ्या वाटेवर हा मुलगा आज कुठे उभा आहे आणि येत्या वर्षात कुठवर जाईल, एवढंच त्यात लिहायचं. ही पद्धत १९७५च्या अमेरिकन कायद्यातून पुढे आली आणि आपल्याकडच्या विशेष शाळांमध्येही रुळली. आमच्याकडे दर तीन महिन्यांनी पालकांना बसवून आयईपीचा आढावा घेतो.

एक उदाहरण घेते. अभ्यासक्रमात संवादाखाली एक ओळ आहे: मदत मागणे. ती सगळ्यांसाठी, बोलणाऱ्यांसाठी आणि न बोलणाऱ्यांसाठीही. माझ्या वर्गातला एक नऊ वर्षांचा मुलगा बोलत नाही. डब्याचं झाकण उघडलं नाही की तो डबा बाकावर आपटायचा, मग स्वतःचा हात चावायचा. त्याच्या आयईपीत आधी लिहिलं होतं, "संवादकौशल्य सुधारेल." या वाक्यावरून सोमवारी सकाळी वर्गात नेमकं काय करायचं, हे कुणालाच कळणार नाही. आम्ही ते खोडून लिहिलं: "झाकण उघडत नसेल तर 'मदत' हे चित्रकार्ड उचलून समोरच्या मोठ्या माणसाच्या हातात देईल, कुणी न सुचवता, पाचपैकी चार वेळा, वर्गात आणि घरी आजीकडेही." आजीचा उल्लेख मुद्दाम केला. वर्गात शिकलेलं घरी आपोआप येईल, असं स्वमग्न मुलांच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही. जागा बदलली, माणूस बदललं, की पुष्कळदा तीच गोष्ट नव्याने शिकवावी लागते.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा कागद घुसतो, तो म्हणजे चेकलिस्ट, मुलाला काय येतं आणि काय नाही यावर खुणा करायची छापील यादी. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी किंवा मद्रासची एमडीपीएस या याद्या आपल्याकडे बऱ्याच शाळांत वापरतात. एमडीपीएसमध्ये १८ क्षेत्रं आणि प्रत्येकात २० बाबी, म्हणजे एकूण ३६० चौकटी. मूल्यमापनाला त्या उपयोगी आहेत. पण त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी बनवलेल्या. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, नावही नव्हतं, ते २०१६च्या कायद्यात आलं. त्यामुळे आमची कित्येक मुलं बौद्धिक अक्षमतेच्या वर्गात बसली आणि तिथल्याच चौकटींत मोजली गेली. कल्याण ते कसारा सगळी स्टेशनं क्रमाने लिहिणारा, पण दात दुखतोय हे सांगू न शकणारा मुलगा अशा चौकटींत नीट बसत नाही. त्याची एक बाजू खूप पुढे असते, दुसरी खूप मागे. मग शिक्षिका काय करते? न जमलेल्या पहिल्या पाच बाबी उचलते आणि त्यांनाच आयईपी म्हणते.

ज्या शाळेत नुसते आयईपी असतात आणि त्यांच्यामागे अभ्यासक्रम नसतो, तिथे हे दरवर्षी होतं. चौदा वर्षांचा मुलगा अजून लाल-पिवळे मणी वेगळे करत बसलेला असतो, कारण ती चौकट पूर्ण भरली नाही. आयईपी आजची उणीव बघून लिहिला जातो, पुढे काय येणार आहे ते त्याला दिसत नाही. पाळी, दाढी, दार लावून कपडे बदलणं, अंगाला कुणी कुठे हात लावलेला चालतो आणि कुठे नाही, एकट्याने रिक्षात बसणं, मोकळ्या वेळेत स्वतःला रमवणं: नऊ वर्षांच्या मुलाच्या फाइलमध्ये हे कुणी लिहीत नाही आणि तेराव्या वर्षी सगळ्यांची धावपळ होते. अभ्यासक्रमात हे विषय आधीपासून असले, तर आठव्या-नवव्या वर्षी दार लावण्यापासून सुरुवात होते.

उलट टोकाला पहिलीचं पुस्तक पातळ करून त्यालाच अभ्यासक्रम म्हणणाऱ्या शाळा आहेत. तिथे वह्या भरतात, पण वाट पाहणं, बेत बदलला तर तो पचवणं, "मला कळलं नाही" म्हणणं, हे कोणत्याच तासाला शिकवलं जात नाही. याबद्दल जास्त सांगायची गरज नाही, पालकांना ते वह्या बघूनच कळतं.

माझ्या मते अभ्यासक्रमाचं सर्वात मोठं काम वेगळंच आहे. काय शिकवायचं नाही, हेही शाळेने त्यात लिहून ठेवायला हवं. "डोळ्यांत डोळे घालून बघेल", "हात हलवणार नाही", "घंटा वाजली तरी कान झाकणार नाही" अशी ध्येयं मी अनेक आयईपींमध्ये वाचली आहेत. पूर्वी स्वतः लिहिलीही आहेत, आणि आज मला त्यांचा मनापासून पस्तावा होतो. नजरेला नजर देणं त्रासदायक होतं, हे कितीतरी स्वमग्न प्रौढांनी स्वतः सांगितलं आहे. कान दुखतात म्हणून मूल कान झाकतं. तिथे घंटेचा आवाज कमी करायचा, नाहीतर हेडफोन द्यायचे. ते शाळेचं काम आहे, मुलाचं ध्येय म्हणून ते फाइलमध्ये येता कामा नये. शाळेचा अभ्यासक्रम एवढं स्पष्ट सांगत असेल, तर नवी शिक्षिका किंवा घायकुतीला आलेले पालकही मुलाच्या आयईपीत अशी ओळ घालू शकत नाहीत.

डब्याचं ध्येय त्या मुलाने दिवाळीपूर्वी गाठलं. आता पुढचं ठरवायचं होतं. त्याच्या आईची इच्छा होती की त्याने 'मदत' तोंडाने म्हणावं. आम्ही अभ्यासक्रम उघडून बघितला. मदत मागण्याच्या पुढची ओळ होती नकार देणे. आई थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "त्याला नको म्हणता आलं असतं, तर हात चावला नसता ना."

'नको'चं कार्ड लाल आहे. पहिले काही आठवडे ते फक्त भेंडीच्या भाजीसाठी वापरलं गेलं. गेल्या गुरुवारी त्याने ते माझ्या हातात दिलं. मी त्याच्यापुढे ठेवलेली वर्कशीट त्याला नको होती. मी ती उचलून कपाटात ठेवली.