पावसाळ्यात कपडे इस्त्रीला देण्याआधी

आमच्या सर्व ग्राहकांसाठी

पाऊस लागला की आमच्या काउंटरवर एकच वाद रोज होतो. शर्ट दमट असतो, म्हणून आम्ही तो परत करतो किंवा सुकवण्याचे वेगळे पैसे सांगतो. मग प्रश्न येतो, "अहो, तुम्हीसुद्धा पाणी मारूनच इस्त्री करता ना? मग जरा ओलसर दिला तर बिघडलं कुठे?"

बिघडतं ते शिलाईत. आम्ही पाणी मारतो ते कोरड्या कपड्यावर, वरवर. इस्त्री फिरली की ते उडून जातं. अर्धवट वाळलेल्या कपड्याचं तसं नसतं. पाठ-पोट कोरडं लागतं, पण कॉलर, कफ, पँटचा कमरपट्टा आणि खिशांची अस्तरं आतून ओली असतात. तिथे इस्त्रीने नुसती वाफ निघते, ओल जात नाही. घडी होऊन कपडा कपाटात गेला की दुसऱ्या दिवशी तो कुबट वास येतो आणि तक्रार आमच्याकडे येते. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून रात्रभर दाराला टांगून ठेवले असतील, तर वास आधीच धरलेला असतो. इस्त्रीच्या उष्णतेने तो जात नाही, उलट जास्त उठतो. असा कपडा परत धुवावाच लागतो, आणि तेवढ्यात बाकीच्यांचे गठ्ठे मागे पडतात. पैसे लावतो ते त्यासाठी, हौस म्हणून नाही.

देण्याआधी एवढंच बघा : शर्टाची पाठ गालाला लावा, मग कॉलर लावा. कॉलर जास्त गार लागली तर ती ओली आहे.

"दिवसभर पंखा लावला तरी वाळत नाहीत" असंही बरेच जण सांगतात. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत साधारण अडीच लिटर पाणी उरतं. जुलैत दहा बाय बाराच्या बंद खोलीतली हवा त्यातलं जेमतेम पेलाभर पाणी घेऊ शकते. खिडक्या लावून पंखा फिरवला तर तीच ओली हवा गरगरत राहते. पंखा लावायचा तर पाऊस आत येणार नाही अशी एखादी खिडकी उघडी ठेवा, किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. एसी ड्राय मोडवर लावणार असाल तर मात्र सगळं बंद हवं.

त्याहून सोपा उपाय मशीनमध्येच आहे. धुणं झालं की कपडे एकदा मोकळे करून पुन्हा नुसता स्पिन लावा. जीन्स उलटी करून खिसे बाहेर काढा. शर्ट दोरीवर दुमडून टाकण्यापेक्षा हँगरला लावा आणि मध्ये चार बोटं जागा सोडा. तीन दिवसांचं धुणं एकदम काढू नका. रात्री मशीन लावून कपडे सकाळपर्यंत आत ठेवलेत, तर पुढे कितीही वाळवा, वास राहणारच. त्यावर सुगंधी लिक्विड ओतणं म्हणजे आमच्या मते पैशांची नासाडी.

एवढं करायला सगळ्यांनाच वेळ नसतो, हे आम्हीही जाणतो. आमच्याकडे ड्रायर आहे. धुतलेले ओले कपडे तसेच आणून द्या, किलोवर सुकवून देतो. इस्त्रीही इथेच करून घेतलीत तर सुकवण्याच्या दरात सवलत आहे. फक्त आणताना "हे ओले आहेत" असं सांगा आणि कोरड्यांत मिसळू नका. चादरी, टॉवेल आणि जीन्स घरात सर्वांत जास्त जागा अडवतात. तेवढे आमच्याकडे दिलेत तरी दोरी मोकळी होते.

रेशमी साड्या, सोवळी आणि लोकरीचे कपडे ड्रायरमध्ये घालत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. ते पंख्याखालीच वाळतात. गणपतीसाठी लागणारं सोवळं म्हणूनच किमान चार दिवस आधी द्या. हरतालिकेच्या संध्याकाळी आलात तर नाही म्हणावं लागेल.