विद्युत कनेक्टर : जागतिक व्यापार

दोन तारा, दोन सर्किट बोर्ड किंवा तार आणि उपकरण यांची हवी तेव्हा जोडता-सोडवता येणारी जोडणी करणारा भाग म्हणजे विद्युत कनेक्टर. उपकरणाच्या एकूण किमतीत त्याचा वाटा किरकोळ असतो. मात्र तो वेळेवर आला नाही, तर अख्खे उत्पादन अडते.

सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १,००० व्होल्टपर्यंतचे कनेक्टर ८५३६ या शीर्षकाखाली येतात. पण स्विच, रिले आणि फ्यूजही त्यातच मोडतात, आणि टोकाला कनेक्टर बसवलेली केबल ८५४४ खाली जाते. त्यामुळे आयात-निर्यातीच्या आकड्यांवरून केवळ कनेक्टरांची उलाढाल काढणे फसवे ठरते.

१९३२ साली शिकागोत रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी सॉकेट बनवून सुरू झालेली अ‍ॅम्फेनॉल आणि टीई कनेक्टिव्हिटी या दोन कंपन्यांची २०२४ मधील विक्री प्रत्येकी १५ अब्ज डॉलरच्या वर होती. जपानची हिरोसे, जर्मनीची हार्टिंग, चीनची लक्सशेअर ही या धंद्यातली इतर मोठी नावे. मोलेक्स ही अमेरिकी कनेक्टर कंपनी २०१३ मध्ये कोक (Koch) उद्योगसमूहाने विकत घेतली. या क्षेत्रात कंपन्या एकमेकींना सतत विकत घेतात, त्याचे कारण मंजुरीच्या पद्धतीत आहे. मोटार कंपनी एखादा कनेक्टर उष्णता, कंपने आणि ओलावा यांच्या कसोट्यांवर पारखून घेते आणि मग त्या मॉडेलचे उत्पादन चालू असेपर्यंत तो सहसा बदलत नाही. साहजिकच कंपनी घेताना कारखान्यापेक्षा मंजूर झालेल्या भागांची यादीच अधिक मोलाची असते.

कच्च्या मालाचा प्रश्न मुलाम्यात दडलेला आहे. तांब्याच्या मिश्रधातूची पट्टी ठोकून संपर्कपिन बनते, तिच्यावर निकेल आणि त्यावर बहुधा एक मायक्रॉनहून पातळ सोने चढवतात. कथिलाचा मुलामा स्वस्त पडतो, पण कंपनांमुळे होणाऱ्या सूक्ष्म घर्षणाने त्यावर ऑक्साइड साचते आणि क्षीण संदेश तुटू लागतात. म्हणून सोने महागले की उत्पादक ते फक्त प्रत्यक्ष टेकणाऱ्या जागेवर चढवतात किंवा पॅलेडियम-निकेल मिश्रधातूकडे वळतात. कनेक्टरच्या कवचाचे प्लास्टिकही बेभरवशाचे ठरू शकते : फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील गोठवणाऱ्या थंडीने रसायन कारखाने बंद पडले आणि नायलॉनसारख्या रेझिनांची (कच्च्या प्लास्टिकची) टंचाई जगभर जाणवली.

गाडीतल्या तारांचे जुडगे, म्हणजे वायरिंग हार्नेस, अजूनही मुख्यतः हातांनी बांधले जातात. त्यामुळे हे काम मेक्सिको, मोरोक्को, ट्युनिशिया, रोमानिया अशा कमी मजुरीच्या देशांत गेले. २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनमधील हार्नेस कारखाने थांबले, तेव्हा जर्मनीतील मोटार कारखान्यांनाही उत्पादन रोखावे लागले. अमेरिकेने २०१८ पासून चिनी मालावर लावलेल्या वाढीव आयातशुल्कानेही काही उत्पादन मेक्सिको आणि व्हिएतनामकडे वळवले.

तरीही बाजाराला सर्वांत मोठे वळण देते ते मानक. यूएसबी-सीची रचना २०१४ मध्ये आली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनना ती सक्तीची केली. त्याआधीच, २०२३ मध्ये, अ‍ॅपलने आयफोनवरील स्वतःचे लाइटनिंग पोर्ट सोडले होते. विद्युत गाड्यांच्या चार्जिंग प्लगच्या मानकांत युरोपचे सीसीएस-२, चीनचे जीबी/टी आणि जपानचे चाडेमो असे वेगवेगळे गट पडले. उत्तर अमेरिकेत टेस्लाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्या चार्जिंग प्लगची रचना इतरांना खुली केली; मे २०२३ मध्ये फोर्डने ती स्वीकारल्याचे जाहीर केले आणि पाठोपाठ बहुतेक मोठे उत्पादक तिकडे वळले. कायद्याची सक्ती नसताना इतक्या लवकर बाजू पालटण्याचे असे उदाहरण विरळाच.

सध्या मागणीचा जोर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडे आहे. एनव्हिडिया या चिप कंपनीच्या ७२ प्रोसेसरांच्या एका रॅकमध्ये (संगणक बसवण्याच्या कपाटात) सुमारे ५,००० तांब्याच्या केबल लागतात. मात्र वेग वाढला की तांब्यातून संदेश नेता येईल असे अंतर आखूड होत जाते, म्हणून लांबच्या जोडण्या प्रकाशतंतूंकडे जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये अ‍ॅम्फेनॉलने कॉमस्कोप या अमेरिकी कंपनीचा केबल आणि प्रकाशतंतू जोडणीचा व्यवसाय सुमारे १०.५ अब्ज डॉलरना घेण्याची घोषणा केली.