गेज

गेज : मोजमापातील एक इंग्रजी संज्ञा. वस्तू ठरलेल्या मापाशी ताडून पाहण्याचे किंवा मोजमाप दाखवण्याचे साधन, ते ठरलेले माप आणि क्रियापद म्हणून अंदाज घेणे, असे तिचे तीन अर्थ आहेत. हिंदीत प्रसंगानुसार मापी, प्रमापी, आमान किंवा नाप हे प्रतिशब्द येतात आणि क्रियापदासाठी आँकना किंवा भाँपना. मराठीत मापक, मापी. क्रियापदासाठी अजमावणे, जोखणे. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांत मात्र 'गेज' सोडून दुसरा शब्द कोणी वापरत नाही.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ए'नंतर 'यू' येतो, पण उच्चार 'गॉज' नव्हे, 'गेज'. नवे शिकाऊ हमखास चुकतात, आणि गॉज म्हणजे तर जखमेवर बांधायचे जाळीदार कापड. अमेरिकन लेखनात हा 'यू' काही वेळा गाळतात. शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. दारूच्या पिंपात काठी घालून आत किती माल आहे ते पाहणे, हे त्याचे जुने काम. कर बसवण्यासाठी पिंपे अशी तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही त्यावरूनच नाव पडले होते.

शब्दकोशात 'गेज म्हणजे माप' एवढेच लिहिलेले असते. ते चूक नाही, पण अर्धे आहे. मशीन शॉपमधला प्लग गेज हातात घेतला की उरलेले अर्धे कळते. दांडीच्या दोन टोकांना दोन गोल खुंट्या असतात, एक लांब, एक आखूड. जॉबला (घडवायच्या भागाला) २० मिलिमीटरचे भोक पाडायचे असून ते जास्तीत जास्त ०.०२१ मिलिमीटरने मोठे चालणार असेल, तर लांब टोक २०.००० चे आणि आखूड टोक २०.०२१ चे. लांब टोक आत गेले पाहिजे, आखूड जाता कामा नये. यालाच 'गो' आणि 'नो-गो' म्हणतात. 'गो' अडकला तर भोक लहान, 'नो-गो' गेला तर जॉब बाद. भोक नेमके किती मिलिमीटरचे आहे हे हा गेज सांगतच नाही. त्यासाठी व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर लागतो. एका पाळीत शेकडो कास्टिंग (ओतीव भाग) तपासायची असतात, तिथे आकडा वाचत बसायला वेळ नसतो. म्हणून हिंदी प्रतिशब्दांत 'प्रमापी' जास्त नेमका वाटतो. त्यात प्रमाणाचा वास आहे, नुसत्या 'नाप'मध्ये तो नाही.

पत्रा आणि तार यांच्या बाबतीत गेज हा क्रमांक असतो, आणि तो उलटा चालतो. ब्रिटिश तारमापन पद्धतीत (१८८४ पासून) १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२२ आणि २२ म्हणजे ०.७१. आकडा वाढला की जाडी कमी. तार डायमधून (भोक असलेल्या साच्यातून) पुन्हा पुन्हा ओढून बारीक करतात; जितक्या वेळा ओढली तितका नंबर मोठा, असा हिशेब त्यामागे आहे. शेतीपंपांच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्यांकडे कडेने खाचा असलेली गोल चकती असते. प्रत्येक खाचेच्या आतल्या टोकाला एक भोक असते आणि नवखा माणूस तार त्या भोकात घालून बघतो. माप भोकाचे नसून खाचेच्या फटीचे असते.

रेल्वेत गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर. यालाच हिंदीत 'आमान' म्हणतात आणि गेज बदलण्याला 'आमान परिवर्तन'. बोलताना मात्र बड़ी लाइन, छोटी लाइन. मराठीत रुंदमापी आणि मीटरमापी. संस्थानकाळात १८९१ साली सुरू झालेला मिरज-कोल्हापूर मार्ग मीटरमापी, म्हणजे १,००० मिलिमीटरचा होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो १,६७६ मिलिमीटरचा रुंदमापी झाला. त्यानंतर बरीच वर्षे मिरज स्थानकात रुंद, मीटर आणि कुर्डुवाडीकडची अरुंद अशा तिन्ही मापांच्या गाड्या येत.

प्लग गेज आकडा सांगत नाही, पण पाऊस, दाब किंवा पातळी मोजणारे गेज तो दाखवतात. पर्जन्यमापक (हिंदीत वर्षामापी) रोज सकाळी साडेआठला वाचतात. त्यातला १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. हवा भरण्याच्या दुकानातला दाबमापक वातावरणाचा दाब धरतच नाही. त्यामुळे पंक्चर टायरवर काटा शून्यावर येतो, जरी आत बाहेरच्याइतकी हवा असली तरी. पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे सगळे लक्ष असते ते पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर : ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. हे फूट म्हणजे नदीची खोली नव्हे. मोजपट्टीचा शून्य जिथे धरला आहे तिथून मोजलेली उंची.

क्रियापदाचे भाषांतर करताना जपावे लागते. समोरच्याचा स्वभाव 'गेज' करणे म्हणजे हिंदीत भाँपना, मराठीत अजमावणे किंवा पाणी जोखणे. 'माप काढणे' हा प्रतिशब्द शिंप्याकडे ठीक आहे. कोल्हापुरी बोलीत मात्र 'मापं काढणे' म्हणजे चारचौघांत एखाद्याची उणीदुणी काढून त्याची खिल्ली उडवणे, आणि 'मापं काढू नगंस' हे वाक्य ऐकू आले की पुढचे बोलणे आवरते घेतलेले बरे.