सापडलेला धातू चांदीच आहे का? या पारखीची पार्श्वभूमी

सांगली-सातारा भागात जुना वाडा पाडताना, विहिरीचा गाळ काढताना, नाहीतर कृष्णेचा पूर ओसरल्यावर काठाच्या चिखलात काहीतरी काळपट धातूचं हाताला लागतं, कधी वाळा, कधी नाणं, कधी नुसताच वेडावाकडा गोळा, आणि घरात लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते चांदी, दुसरी म्हणते कथील. मग कोण चिंच लावून घासतंय, कोण बर्फाचा खडा ठेवतंय, कोण सरळ कानस मारून मोकळा. या युक्त्या कुठून आल्या आणि त्यातली कुठली नेमकं काय सांगते हे माहीत असलं तर वस्तूचं वाटोळं न करता उत्तर मिळतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जुनी आणि आजही शेवटचा शब्द असलेली परीक्षा म्हणजे आगीची. पश्चिम आशियात ही पाच हजार वर्षांपूर्वीपासून चालत आलीय आणि आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चांदीबद्दल स्पष्ट लिहिलंय की पांढरी, गुळगुळीत आणि मऊ असेल ती उत्तम, आणि खोट असली तर चौथा हिस्सा शिसं घालून ती शुद्ध करायची. शिसं का, तर हाडाच्या राखेची एक उथळ वाटी करायची, त्यात चांदीचा तुकडा आणि शिसं एकत्र वितळवायचं आणि वरून वारा द्यायचा. शिसं हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड होतो, तांबं, जस्त, कथील जी काय भेसळ असेल ती त्याच्यासोबत जाते आणि हे सगळं राखेत जिरतं, चांदी मात्र ऑक्सिजनला दाद देत नाही म्हणून ती वर थेंबासारखी शिल्लक राहते. शेवटचा क्षण बघण्यासारखा असतो, थेंबावर रंगीत पट्टे भरभर फिरायला लागतात, कारण मुर्दाडशिंगाचा अगदी पातळ पापुद्रा तेवढा उरलेला असतो, आणि तो गेला की थेंब एकदम लख्ख होतो. तिथं घाई करून थंड करायला गेलं तर चांदी अंगावर उडते, कारण वितळलेल्या चांदीत तिच्या आकारमानाच्या वीसएक पट ऑक्सिजन विरघळलेला असतो आणि गोठताना तो उसळून बाहेर पडतो. आधी किती वजन होतं आणि आता किती राहिलं, यावरून टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते निघतं. यापेक्षा प्रामाणिक परीक्षा मला तरी माहीत नाही, फक्त तिला वस्तूचा तुकडा द्यावा लागतो.

तुकडा न तोडता पारख करायची म्हणून कसोटीचा दगड आला, त्यावर धातू घासून रेघेचा रंग बघायचा, पण तो खरा सोन्याचा सोबती. चांदीचं अवघड असं की चांदी, कथील, निकेल सगळ्यांची रेघ पांढरीच उठते, त्यामुळं नुसत्या रेघेवर चांदी ओळखता येत नाही, रेघेवर अ‍ॅसिड टाकावंच लागतं आणि ते फार पुढं आलं.

मधल्या काळात आपल्याकडं चांदीची परीक्षा म्हणजे मुख्यतः नाण्यांची परीक्षा होती. मराठेशाहीत एक टांकसाळ नव्हती, ठिकठिकाणच्या टांकसाळी, त्यात काही खाजगी माणसांना परवान्यावर दिलेल्या, प्रत्येकाचा रुपया वेगळा, त्यातली चांदी वेगळी. सरकारात वसूल भरताना आलेला पैसा पारखून घ्यायचं काम पोतदाराचं, तो कमी कसाचं नाणं बाजूला काढायचा नाहीतर त्यावर बट्टा कापायचा. बाजारात हेच काम सराफ करायचे, आणि एकदा नाणं तपासलं की पुन्हा तेच काम नको म्हणून त्यावर आपली बारीक ठोकणी मारून खूण करायचे. त्यामुळं जुन्या रुपयावर चांदण्यासारखे, टिंबासारखे खोल ठिपके दिसले की लोक म्हणतात नाणं खराब झालंय, पण ती दीड-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली टेस्टिंग असते. ती घासून काढू नका हो, प्लीज.

हा गोंधळ १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीनं संपवला, सगळ्या हद्दीत एकच रुपया, वजन १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, टक्क्यात ९१.७. या सुधारणेमागं जेम्स प्रिन्सेपचा मोठा हात होता, तोच ज्यानं ब्राह्मी लिपी वाचली. तो पेशानं धातू पारखणारा, कलकत्त्याच्या टांकसाळीतला अ‍ॅसे मास्टर. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो, दिवसभर चांदीचा टंच काढायचा आणि त्याच नाण्यांवरची अक्षरं लावत बसायचा.

आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला जो राणीछाप रुपया काढतात तो याच कसाचा. १९३९ पर्यंत हे प्रमाण टिकलं, मग दुसऱ्या महायुद्धात चांदी कमी पडली म्हणून १९४० पासून रुपयात चांदी निम्मी झाली, बाकी ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल आणि जस्त. आणि १९४७ चा रुपया तर अख्खा निकेलचा, त्यात चांदी अजिबात नाही. निकेल चुंबकाला चिकटतं, त्यामुळं आजीच्या डब्यातला १९४७ चा रुपया फ्रिजवरच्या मॅग्नेटला लागला तर तो नकली आहे असं समजू नका, तो खरा रुपया आहे, चांदीचा नाही एवढंच.

नुसत्या डोळ्यांनी बघून चांदी ओळखायचे दिवस खरे संपले ते इंग्लंड-जर्मनीतल्या कारखान्यांमुळं. १७४० च्या दशकात शेफिल्डमध्ये तांब्याच्या जाड पत्र्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवून लाटायची पद्धत निघाली. मग १८२० च्या दशकात जर्मनीत तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू तयार व्हायला लागला, तो चीनमध्ये आधीपासून होता, तोच आपला जर्मन सिल्व्हर, यात चांदी शून्य. आणि १८४० ला बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं विजेवर मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. हे तिन्ही प्रकार पुढच्या शंभर वर्षांत ताटं, तांबे, अत्तरदाण्या, छडीच्या मुठी अशा रूपात संस्थानी घराण्यांपासून साध्या घरांपर्यंत सगळीकडं पोचले. त्यामुळं जुनं आहे म्हणजे चांदीच असणार हा हिशेब कधीच धरू नये. मुलाम्याचं मात्र एक बरं असतं, कडा, बूड, कडीचा सांधा जिथं झिजतं तिथं आतला पिवळा-तांबूस रंग डोकावतो, भिंग घेऊन तिथंच बघायचं.

आता वजनाची परीक्षा. आर्किमिडीजची मुकुटाची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलीय, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली, पण घरी कुणी वापरत नाही याचं वाईट वाटतं, कारण सापडलेल्या वस्तूसाठी ही सगळ्यात चांगली, ओरखडासुद्धा येत नाही. चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास, कथील ७.३, अ‍ॅल्युमिनियम २.७, शिसं ११.३४. छोटा डिजिटल काटा घ्या, वस्तू दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून लोंबती ठेवून वजन बघा, वजन जेवढं घटलं त्यानं मूळ वजनाला भागा, झाली घनता. राणीछाप दहा रुपये झिजलेले नसतील तर ११६.६ ग्रॅम भरतात आणि पाण्यात साधारण ११.३ ग्रॅमनं हलके होतात, तेच जर्मन सिल्व्हरचे असते तर साडेतेराच्या पुढं घट आली असती. पण पोकळ वाळा, आत लाख भरलेला दागिना किंवा शिशाची भेसळ असली तर हा हिशेब फसतो, हे लक्षात ठेवूनच आकडा वाचायचा.

बर्फ आणि चुंबक हे अलीकडचे व्हिडिओवाले प्रकार. चांदी उष्णता सगळ्या धातूंत जास्त वेगानं नेते हे खरं, म्हणून बर्फ झरझर वितळतो, पण तांबं तिच्या अगदी मागोमाग आहे, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेलं तांबं इथं आरामात पास होतं. चुंबकाला चिकटलं तर चांदी नाही हे कळतं, नाही चिकटलं तर काहीच कळत नाही, पितळही चिकटत नाही. काळं पडणं हीसुद्धा अर्धीच खूण, चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते, पण इतर धातूही काळवंडतात.

अ‍ॅसिडची परीक्षा मात्र पक्की. नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये चांदी विरघळते आणि त्यात मिठाचं पाणी टाकलं की दह्यासारखा पांढरा साका बसतो, तो उन्हात जांभळट-काळा होतो. शिसंही पांढरा साका देतं, पण तो गरम पाण्यात विरघळतो, चांदीचा विरघळत नाही. याच मिठाच्या साक्यावर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकनं १८३० च्या दशकात पॅरिसच्या टांकसाळीसाठी मोजून टंच काढायची पद्धत बसवली आणि आगीच्या परीक्षेला पहिल्यांदा तोडीचा पर्याय मिळाला. पण हे घरी करू नका, त्या अ‍ॅसिडचा तपकिरी धूर छातीत गेला तर जिवावर बेततं.

या विद्येत आपला भाग कुणाच्या मागं नाही, आणि हे मी अभिमानानं सांगतो. विटा, खानापूर, आटपाडी आणि सातारच्या माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात केरळ-तमिळनाडूपासून बंगाल-पंजाबपर्यंत पसरली, एखाद्या परमुलखातल्या सराफ पेठेत बोळातल्या भट्टीवर बसलेला माणूस आपल्या बोलीत बोलताना सापडतो तो यामुळं. जुनं सोनं साधारण तिप्पट चांदीत वितळवायचं, ते नायट्रिकमध्ये उकळायचं, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाला राहतं आणि चांदी पाण्यात उतरते, मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की पाणी हळूहळू निळं होत जातं आणि पट्टीवर करड्या रव्यासारखी चांदी जमायला लागते. ती धुवायची, वाळवायची, मुशीत टाकणखार घालून आटवायची आणि लगड ओतायची. शाळा अर्धवट सुटलेली पोरं हे रसायनशास्त्र हातानं शिकली आणि त्यावर गावाकडची घरं उभी राहिली.

आता सराफ पेठांत एक्स-रेचं मशीन आलंय, वस्तू ठेवली की थोड्या वेळात स्क्रीनवर टक्के येतात, सोयीचं आहे, पण ते वरचा पातळ थरच वाचतं, त्यामुळं जाड मुलाम्याची वस्तू असली तर झिजलेल्या जागेवर दुसरं रीडिंग मागून घ्यायचं. नव्या दागिन्यांना हॉलमार्क असतो, भारतात चांदीसाठी तो २००५ पासून आहे, पण मातीत सापडलेल्या वस्तूला त्याचा उपयोग नाही.

मातीतली वस्तू असेल तर आटवायची घाई तर अजिबात नको. १९०६ साली नाशिककडं जोगळटेंभीला चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला, क्षत्रप राजा नहपानाची नाणी, आणि त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. कुणी कुणाला हरवलं याचा एवढा ठोस पुरावा त्या नाण्यांनी दिला, तो मुशीत गेला असता तर फक्त चांदीची किंमत आली असती. शिवाय १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं, मालक ठरला नाही आणि आपसात काही ठरलेलं नसलं तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला, आणि सरकारनं ती वस्तू ठेवून घेतली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो.