न्यूयॉर्कमध्ये कारच्या विम्यात खंड पडला, तर नोंदणीचे निलंबन कसे टाळावे?

भारतात नंबर प्लेट गाडीची असते. गाडी विकली, तरी तिचा 'एमएच'ने सुरू होणारा क्रमांक तिच्याबरोबरच नव्या मालकाकडे जातो. न्यूयॉर्क राज्यात प्लेट नोंदणीधारकाच्या नावावर दिलेली असते. गाडी विकताना ती काढून घ्यायची आणि दुसऱ्या गाडीवर लावायची नसेल, तर राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे, म्हणजे डीएमव्हीकडे जमा करायची. हा फरक किरकोळ वाटतो, पण विमा बंद केल्यामुळे ज्यांची नोंदणी निलंबित होते, त्यांपैकी अनेकांची चूक नेमकी इथे होते. गाडी वापरात नाही म्हणून त्यांनी विमा रद्द केलेला असतो आणि प्लेट मात्र गाडीवर तशीच राहिलेली असते.

न्यूयॉर्कचा नियम असा आहे, की जोपर्यंत गाडीची नोंदणी चालू आहे आणि प्लेट तुमच्याकडे आहे, तोपर्यंत त्या गाडीचा दायित्व विमा, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजा-नुकसानीची भरपाई देणारा विमा, अखंड चालू असला पाहिजे. गाडी रस्त्यावर फिरते, गॅरेजमध्ये झाकून ठेवली आहे की बंद पडून अंगणात उभी आहे, याने काही फरक पडत नाही. मोटारसायकलला मात्र या बाबतीत सूट आहे आणि हिवाळ्यात तिचा विमा बंद करताना प्लेट जमा करावी लागत नाही. कारला अशी सूट नाही. किमान विमा किती हवा, हेही ठरलेले आहे: एका व्यक्तीच्या दुखापतीसाठी २५,००० डॉलर, एका अपघातातील सर्वांच्या दुखापतींसाठी मिळून ५०,००० डॉलर, मृत्यू झाल्यास हेच आकडे अनुक्रमे ५०,००० आणि १,००,००० डॉलर, दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी १०,००० डॉलर, आणि त्याखेरीज दोष कोणाचा हे न पाहता मिळणारे ५०,००० डॉलरचे वैयक्तिक इजा संरक्षण.

विमा संपला हे डीएमव्हीला कळण्यासाठी पोलिसांनी गाडी अडवावी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये परवाना असलेल्या प्रत्येक विमा कंपनीला पॉलिसी सुरू झाल्याची आणि रद्द झाल्याची सूचना संगणकाद्वारे डीएमव्हीला द्यावी लागते. जुनी पॉलिसी संपल्याची नोंद आली आणि नवीची आली नाही, की यंत्रणा नोंदणीधारकाला चौकशीचे पत्र काढते. भारतात १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ खाली विम्याविना गाडी चालवताना सापडल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे, त्यामुळे 'सापडलो तर बघू' ही सवय आपल्यापैकी अनेकांना इकडे येतानाही सोडत नाही. इथे सापडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण खंड पडल्याची नोंद आपोआप होते.

आधी प्लेट, मग विमा

गाडी विकायची, भंगारात द्यायची, दान करायची किंवा बराच काळ बंद ठेवायची असेल, तर क्रम हाच ठेवावा. दोन्ही प्लेट, म्हणजे पुढची आणि मागची, काढून डीएमव्हीच्या कार्यालयात जमा कराव्यात. राज्याच्या उत्तरेकडील बहुतेक जिल्ह्यांत हे काम काउंटी क्लार्कच्या, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात होते. प्लेट जमा केल्यावर एफएस-६टी नावाची पावती मिळते. ही पावती हाती आल्यावरच विमा कंपनीला रद्द करण्याची सूचना द्यावी, आणि रद्द होण्याची तारीख पावतीवरच्या तारखेच्या आधीची नाही ना, हे कंपनीकडून लेखी पाहून घ्यावे. प्लेट टपालानेही पाठवता येतात. त्यासोबत पीडी-७ हा अर्ज भरून जोडावा लागतो. टपालाने पाठवणाऱ्यांनी पाठवल्याची पोचपावती जपावी आणि एफएस-६टी घरी येईपर्यंत विमा चालूच ठेवावा. आठवडा-दोन आठवड्यांचा जास्तीचा हप्ता वाचवण्यासाठी घाई करणे परवडत नाही, हे पुढच्या आकड्यांवरून लक्षात येईल.

प्लेट हरवल्या किंवा चोरीला गेल्या असतील, तर आधी पोलिसांकडे तक्रार नोंदवून एमव्ही-७८बी हा अर्ज त्यांच्याकडून भरून घ्यावा लागतो. तो अर्ज नसेल, तर 'प्लेट माझ्याकडे नाहीत' एवढ्या सांगण्याला काही किंमत नाही.

भारतात लांब मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी

दोन-तीन महिने पुण्याला किंवा नाशिकला आई-वडिलांकडे राहायला जाताना गाडीचा विमा बंद करण्याचा मोह होतो. प्लेट जमा करून विमा बंद करणे नियमाला धरून आहे. परंतु नोंदणी आणि प्लेट नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करता येत नाही. ज्यांची स्वतःची जागा किंवा गॅरेज आहे, त्यांनाच हा मार्ग शक्य आहे. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्ससारख्या भागात रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्याला तो उपलब्धच नाही. माझ्या मते थोड्या काळासाठी दायित्व विमा चालू ठेवून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण तेवढे कमी करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे, मात्र गाडीवर कर्ज असेल किंवा ती लीजवर असेल, तर वित्तसंस्थेच्या संमतीशिवाय हे संरक्षण काढता येत नाही. हप्ता आपोआप भरला जाण्याची सोय असल्यास ज्या कार्डावरून तो जातो, त्याची मुदत तुम्ही परदेशात असताना संपत नाही ना, हेही निघण्यापूर्वी पाहावे. हप्ता थकल्यास कंपनी रद्द करण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी नोटीस पाठवते, पण बंद घराच्या पत्रपेटीत पडलेली नोटीस वाचणार कोण? याच कारणासाठी पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत तो डीएमव्हीला कळवण्याचे बंधन गांभीर्याने घ्यावे, कारण चौकशीचे पत्र नोंदीतल्या पत्त्यावरच येते.

चौकशीचे पत्र आल्यावर

पत्रावर उत्तर देण्याची शेवटची तारीख छापलेली असते आणि उत्तर डीएमव्हीच्या संकेतस्थळावरूनही देता येते. उत्तर कोणते द्यायचे, हे प्रत्यक्षात काय घडले त्यावर ठरते.

विमा मुळात खंडित झालाच नसेल, उदाहरणार्थ तुम्ही कंपनी बदलली आणि नव्या पॉलिसीची नोंद डीएमव्हीपर्यंत पोहोचली नसेल, तर नव्या कंपनीला फोन करून पॉलिसीची इलेक्ट्रॉनिक नोंद पाठवायला सांगावे. केवळ विम्याच्या ओळखपत्राची, म्हणजे एफएस-२०ची प्रत पाठवून भागेल, असे गृहीत धरू नये. नोंद जुळत नाही याचे कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. नोंदणी ज्याच्या नावावर आहे, त्याचेच नाव पॉलिसीवर विमाधारक म्हणून असावे लागते, आणि व्हिन, म्हणजे आपल्याकडचा चासी नंबर, सतराही अक्षरांसह तंतोतंत जुळावा लागतो. मराठी माणसाच्या पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते, नोंदणीवर ते कधी येते, कधी गळते. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि पॉलिसी एकट्या बायकोच्या नावावर, असेही घरोघरी आढळते. हे सारे पत्र येण्याआधीच तपासण्यासारखे आहे. याखेरीज विमा न्यूयॉर्क राज्यासाठीच दिलेला असला पाहिजे. न्यू जर्सीत राहणाऱ्या भावाच्या पॉलिसीत गाडी घातली आणि नोंदणी न्यूयॉर्कची ठेवली, तर डीएमव्हीच्या दृष्टीने त्या गाडीला विमाच नाही.

गाडी विकली असल्यास विक्रीचे कागद आणि प्लेट जमा केल्याची पावती, चोरीला गेली असल्यास पोलिसांचा अहवाल, आणि दुसऱ्या राज्यात नोंदवली असल्यास तिथल्या नोंदणीची प्रत तयार ठेवावी. नुसत्या विक्रीच्या कागदावर विसंबू नये, प्लेट कुठे आहेत हा प्रश्न येतोच.

खंड खरोखरच पडला असेल, तर

अशा वेळी दिवस मोजावे लागतात. विमा संपल्याच्या तारखेपासून नवा विमा सुरू होईपर्यंत किंवा प्लेट जमा होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तिथपर्यंतचा काळ खंड धरला जातो. हा खंड ९० दिवसांपर्यंतचा असेल, नवा विमा घेतलेला असेल आणि मागच्या ३६ महिन्यांत तुम्ही ही सवलत वापरलेली नसेल, तर निलंबनाऐवजी दिवाणी दंड भरून नोंदणी वाचवता येते. पहिल्या ३० दिवसांसाठी रोज ८ डॉलर, ३१ ते ६० या दिवसांसाठी रोज १० डॉलर आणि ६१ ते ९० या दिवसांसाठी रोज १२ डॉलर असा दर आहे. म्हणजे १२ दिवसांच्या खंडाला ९६ डॉलर, ४५ दिवसांना २४० अधिक १५० मिळून ३९० डॉलर, आणि पूर्ण ९० दिवसांना ९०० डॉलर होतात. हा दंड ऑनलाइन भरता येतो. तीन वर्षांत एकदाच मिळणारी ही संधी आठ-दहा दिवसांच्या निष्काळजीपणावर खर्च करावी लागणे, हे दंडाच्या रकमेपेक्षा जास्त महागात पडू शकते.

खंड ९१ दिवसांचा किंवा त्याहून मोठा झाला, तर पैसे भरून सुटण्याचा हा मार्ग बंद होतो. जितके दिवस खंड, तितके दिवस नोंदणी निलंबित राहते, आणि तितकेच दिवस वाहन चालवण्याचा परवानाही निलंबित होतो. आदेश आल्यावर ताबडतोब प्लेट जमा कराव्यात, कारण निलंबनाचे दिवस प्लेट जमा झाल्यावर मोजले जातात. प्लेट घरात ठेवून दिवस सरण्याची वाट पाहणाऱ्याचे दिवस सरतच नाहीत. निलंबित नोंदणीची गाडी रस्त्यावर आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. विम्याविना गाडी चालवताना पकडले गेले किंवा अपघात झाला, तर मामला याहून कठोर होतो: न्यायालयाचा दंड १५० ते १,५०० डॉलर, १५ दिवसांपर्यंत कैद होण्याची शक्यता, परवाना आणि नोंदणी किमान एक वर्षासाठी रद्द, आणि परवाना परत मिळवताना ७५० डॉलरचा दिवाणी दंड वेगळा.

दुसऱ्या राज्यात राहायला जाताना

नोकरी बदलून शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनला किंवा जर्सी सिटीला घर हलवणारी मराठी कुटुंबे खूप आहेत, आणि या बदलातच हमखास गफलत होते. न्यू जर्सीत नव्या रहिवाशाला गाडी नोंदवण्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. सामान हलवल्या दिवशी एजंट न्यू जर्सीची पॉलिसी सुरू करून न्यूयॉर्कची बंद करतो, नोंदणी मात्र महिना-दीड महिना न्यूयॉर्कचीच राहते, आणि तेवढे दिवस खंड म्हणून मोजले जातात. म्हणून न्यू जर्सीची नोंदणी हाती येऊन न्यूयॉर्कच्या प्लेट जमा होईपर्यंत न्यूयॉर्कचा विमा बंद करू नये, असे एजंटला स्पष्ट सांगावे. काही दिवस दोन पॉलिसींचा हप्ता पडला, तरी तो दंडापेक्षा स्वस्त असतो.

प्लेट जमा केलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर आधी न्यूयॉर्कचा विमा घ्यावा, मग एमव्ही-८२ हा नोंदणीचा अर्ज, मालकीचा पुरावा, ओळखीचा पुरावा आणि एफएस-२० कार्ड घेऊन डीएमव्हीत जावे. नोंदणी शुल्काबरोबर नव्या प्लेटचे २५ डॉलर भरावे लागतात. विम्याचे ते कार्ड पॉलिसी सुरू झाल्यापासून १८० दिवसांच्या आतच नोंदणीसाठी चालते, तेव्हा भारतातून परतल्यावर सहा महिने जुने कार्ड घेऊन रांगेत उभे राहू नये. जुन्या प्लेटची एफएस-६टी पावती तेव्हाही सोबत असू द्यावी, म्हणजे मधल्या काळाबद्दल विचारणा झाली, तर खिडकीवरच उत्तर देता येते.