उपाशीपोटी साखर २८६

ऑपरेशन होऊन सोळा तास झाले होते. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलेलं. पोरगं आदल्या संध्याकाळपासून उपाशी, तरी ग्लुकोमीटरवर आकडा आला २८६. आजोबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि विचारलं, "काय रे, चोरून काय खाल्लंस?"

माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. नवव्या वर्षापासून त्याला टाइप १ मधुमेह आहे, हा प्रश्न त्याच्या पाठ झालाय. मी जीवशास्त्र शिकवते; तरी खरं सांगायचं तर क्षणभर माझीही नजर उशाजवळच्या बिस्किटांच्या पुड्याकडे गेली.

पुडा फोडलेलाच नव्हता. साखर आली होती त्याच्याच यकृतातून.

ऑपरेशन आणि अपघात यांतला फरक शरीराला कळत नाही. कातडी कापली गेली म्हणजे संकट आलं, एवढंच त्याला ठाऊक. मग अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन अशी हार्मोन्स रक्तात उतरतात आणि यकृताला साठा मोकळा करायला लावतात. पळायला, झुंजायला, जखम भरायला इंधन हवं ना! साठा कमी पडला तर यकृत नवं ग्लुकोज तयारही करतं. एरवी स्वादुपिंड लगेच इन्शुलिन सोडून हा पूर आवरतं. टाइप १ मध्ये मात्र इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारून टाकलेल्या असतात. त्यात हे वय! वयात येताना वाढीच्या हार्मोनमुळे इन्शुलिनचा जोर तसाही कमी पडतो. थोडक्यात, त्या रात्री पोरगं शहाण्यासारखं पडून होतं आणि उनाडक्या यकृत करत होतं.

म्हणूनच "जेवलाच नाही, तर इंजेक्शन कशाला?" हा घरोघरी ऐकू येणारा हिशेब घातक आहे. डोस किती, हे डॉक्टर ठरवतील. पण चोवीस तास काम करणारं इन्शुलिन उपाशी असतानाही पूर्ण बंद करायचं नसतं. ते नसेल तर शरीर चरबी जाळत सुटतं, त्यातून निघणारी कीटोन नावाची आम्लं साचतात, रक्त आम्लधर्मी होतं. लक्षणं काय? ओकाऱ्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला फळांसारखा वास. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पोटाच्या ऑपरेशननंतर कुणालाही होऊ शकतात, त्यामुळे फसगत होते. साखर चढलेली असताना ओकारी झाली, की कीटोन तपासून घ्यावेत. इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत ज्याला टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसनही चौदा वर्षांचाच होता. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवून घेणं, एवढाच उपाय होता.

साखर फार चढू द्यायची नाही याला आणखी एक कारण आहे. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी गोड रक्तात सुस्तावतात. म्हणून आकडा साधारण १८० च्या आत ठेवायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, खांदा दुखतोय. "वेडावाकडा झोपला असशील," ताई म्हणाली. इथेही पोराचंच खरं होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यातला थोडा मागे राहतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचतो. श्वासपटलाची नस आणि खांद्याच्या नसा मानेजवळ एकाच भागातून निघतात, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो आणि पोटातली कळ खांद्यात कळवली जाते. एकदोन दिवसांत ती जाते.

राउंडला आलेल्या सर्जननी भरल्या खोलीत खणखणीत आवाजात विचारलं, "गॅस पास झाला का?" चुलतबहीण शेजारीच उभी! पोरगं कानापर्यंत लाल. थंडावलेली आतडी पुन्हा हलू लागल्याची ती खूण असते, प्रश्न रास्तच आहे. पण पंधराव्या वर्षी तो चारचौघांत विचारू नये. आम्ही पाहुण्यांना बाहेर काढलं. त्यानंतर तो आपणहून कॉरिडॉरमध्ये चालायला लागला.

घरी लालबागला आल्यावर आजीचा हुकूम: आंबट नको, टाक्यांत पू होतो. पू जंतूंमुळे होतो, लिंबामुळे नाही. उलट जखम सांधणारं कोलॅजेन घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतंच. वरणभातावर लिंबू पिळलं. भाताचा हिशेब इन्शुलिनमध्ये धरला, झालं.

मी अडून बसले ती लोकलवरून. त्याचा क्लास दादरला, करी रोडहून मधे फक्त परळ, म्हणून "दोन मिनिटांचा तर प्रवास" असं त्याचं म्हणणं. पण तीन आठवड्यांच्या जखमेत मूळ कातडीच्या जेमतेम २० टक्के ताकद असते, तीन महिन्यांनी ८० च्या आसपास. वरून बरी दिसते म्हणून संध्याकाळच्या गर्दीचं कोपर पोटावर घ्यायचं नसतं. सर्जनने हो म्हणेपर्यंत बसने जा, दप्तर हलकं ठेव, यावर तह झाला.

साखरेची वही आता त्याच्याकडेच असते. ताई विचारत नाही, नुसती वाचते. त्याने आकड्यापुढे स्वतःच एक नवा रकाना आखलाय, 'कशामुळे'. त्यात 'दुखत होतं', 'झोप नाही', 'माहीत नाही' अशा नोंदी आहेत. आणि मंगळवारी: '२४६. लाडू. दीड.'